घरी जोडलेला पीसी सारखा बंद पडत होता, त्याची हकीकत

२०२३ च्या पावसाळ्यात माझा नवाकोरा पीसी सहा आठवड्यांत तीसपेक्षा जास्त वेळा बंद पडला. त्यानंतरचे तीन महिने तो बिनतक्रार चालला. त्या दिवसांत रात्री-अपरात्री मी मोबाइलवर उपाय शोधत बसायचे. इंग्रजीत ढीगभर सापडायचं, पण आपल्याकडची लाईट, आपल्याकडचं बिल, आपल्याकडचं सर्व्हिस सेंटर यांबद्दल कुणी काही लिहिलेलं नसायचं. म्हणून माझ्या बाबतीत जे झालं ते तारखांसकट लिहून ठेवते.

मी कोल्हापुरात राहते. घरूनच अक्षरजुळणी आणि पुस्तकांची पानं लावण्याचं काम करते. जुलैपासून दसऱ्यापर्यंत दिवाळी अंकांची धांदल असते आणि वर्षाची निम्मी कमाई याच काळात होते. जुना लॅपटॉप पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये रडायला लागला, तेव्हा भाच्याने सुचवलं, ‘मावशी, तयार घेऊ नकोस, आपण असेंबल करू.’ पुण्याच्या एका दुकानातून सामान आणलं आणि १७ जून २०२३ ला, शनिवारी, आम्ही दोघांनी दिवाणखान्यात सतरंजी अंथरून पीसी जोडला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन ३२०० वेगाच्या रॅम स्टिक (काम चालू असताना माहिती धरून ठेवणाऱ्या पट्ट्या), ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क, ५५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा) आणि कॅबिनेट. सगळं मिळून ३४,७०० रुपये. मॉनिटर, कीबोर्ड आणि ६०० व्हीएचा यूपीएस (लाईट गेली की बॅटरीवर वीज देणारा डबा) जुनेच होते. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखा फिरला आणि पडद्यावर अक्षरं आली, तो आनंद अजून आठवतो. दीड महिना पीसी उत्तम चालला.

२ ऑगस्टला दुपारी एका कथेची पानं लावत असताना पडदा निळा झाला. वर उदास चेहरा, खाली टक्के मोजणारा आकडा. वाचेपर्यंत पीसी आपोआप पुन्हा सुरू झाला. नवीन मशीन आहे, एखादा ड्रायव्हर (पीसीचे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) गडबडला असेल असं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पीसी पुन्हा बंद पडला, पण या वेळी पडदा निळा वगैरे काही नाही, सरळ काळा. ५ तारखेला दोनदा. आठवड्याभरात माझी छाती धडधडायला लागली. दर दोन ओळींनी कंट्रोल-एस दाबायचं, आणि मोठी फाइल उघडताना श्वास रोखून बसायचं.

पहिल्या दोन आठवड्यांत मी जे जे सुचेल ते केलं, आणि सगळं एकदम केलं. ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. एकाच संध्याकाळी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवून पुन्हा बसवली, विंडोजचे अपडेट घेतले, आणि कॅबिनेटची बाजूची पाटी काढून समोर टेबलफॅन लावला. त्यानंतर दोन दिवस काही झालं नाही आणि मी निर्धास्त झाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा. आता यातल्या कशाने दोन दिवस बरे गेले, की कशानेच नाही, हे कळायला काही मार्ग उरला नव्हता.

तापमानाची शंका तेवढी लवकर मिटली. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. पीडीएफ काढताना प्रोसेसर ७२ अंशांपर्यंत जात होता. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे, म्हणजे तिकडे बघायचं कारण नव्हतं.

१२ ऑगस्टला बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं. हे मुद्दाम सांगते, कारण आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. बायोस लिहिलं जात असताना वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो, आणि त्या वेळी माझ्या मशीनची वीज कधी तुटेल याचा भरवसा नव्हता. ते मला नंतर कळलं. पीसी अचानक काळा होऊन बंद पडत असेल, तर विजेची बाजू तपासून होईपर्यंत बायोसला हात लावू नका.

१५ ऑगस्टला सुट्टी होती, म्हणून फॉरमॅट मारला. विंडोज, इनडिझाइन, चारशेच्या वर फॉन्ट, प्रिंटर, सगळं परत बसवण्यात रात्रीचे अकरा वाजले. १६ तारखेला सकाळी साडेसहाला कामाला बसले आणि पाचच मिनिटांत पीसी बंद. त्या दिवशी मी रडले. एका अंकाच्या संपादकांना फोन करून दोन दिवस मागून घेतले. ते म्हणाले, ‘ताई, पानं हातात आल्याशिवाय मला जाहिरातदारांना तोंड दाखवता येत नाही.’ त्यांचंही बरोबरच होतं.

शेवटी मशीन एका दुकानात नेलं. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं, ५०० रुपये घेतले आणि ‘बोर्ड गेलाय’ म्हणून सांगितलं. तिथे दोन दिवसांत पीसी किती वेळा बंद पडला, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘एकदा.’ माझ्याकडे तेवढ्या वेळात तो दोन-तीनदा बंद पडला असता. हा फरक मनात राहिला, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. ९,४०० चा बोर्ड नुसत्या अंदाजावर बदलायची माझी तयारी नव्हती. मशीन घरी आणलं.

२० ऑगस्टला, रविवारी, भाचा आला आणि त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे विंडोजच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप रीस्टार्ट होणं बंद केलं. त्यामुळे निळा पडदा आला की तो तसाच थांबतो आणि खालचा कोड वाचता येतो, फोटो काढता येतो. दुसरी म्हणजे शंभर पानी वही टेबलावर ठेवली. ‘मावशी, इथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक वेळेची नोंद करायची.’ चार रकाने आखले: तारीख, वेळ, पडद्यावर काय आलं, मी काय करत होते.

दोन आठवड्यांत तेरा नोंदी झाल्या. त्यातल्या आठ नोंदींत कोड होते, आणि ते वेगवेगळे होते. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. दर वेळी नवा कोड पाहून मला वाटायचं, आता हा आणखी एक बिघाड. भाच्याचं म्हणणं उलट होतं. एकच ड्रायव्हर खराब असेल तर बहुतेक वेळा कोड तोच तोच येतो, आणि पडद्यावर किंवा बंद पडताना विंडोज जी डम्प फाइल लिहून ठेवतं तिच्यात त्याच ड्रायव्हरचं नाव असतं. कोड असे सैरावैरा बदलत असतील तर आधी रॅमवर संशय घ्यायचा. उरलेल्या पाच नोंदींत ‘पडद्यावर काय आलं’ हा रकाना रिकामा होता. पीसी नुसता काळा झाला होता, लिहायला काहीच नव्हतं. त्या रिकाम्या रकान्यांकडे तेव्हा आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही.

रॅमची तपासणी मी आधी एकदा केली होती. विंडोजमध्येच असलेलं मेमरी डायग्नोस्टिक चालवलं, त्याने काही दोष नाही म्हणून सांगितलं. मग पेनड्राइव्हवर रॅम तपासणारं मेमटेस्ट ८६ घेऊन एक फेरी चालवली, तीही स्वच्छ निघाली आणि मी थांबवली. इथेच फसले. मेमटेस्टची पहिली फेरी मुद्दाम छोटी ठेवलेली असते, ढोबळ दोष पटकन दिसावेत म्हणून. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, त्या चारही होऊ द्यायच्या. २ सप्टेंबरला रात्री दहाला लावून झोपायला गेले. झोप कसली. एकच्या सुमारास उठून पाहिलं, दुसरी फेरी चालू होती आणि एररपुढे शून्य. पहाटे पाचला उठले तर पडद्यावर लाल पट्ट्या आणि एररपुढे ३७. मला चक्क हायसं वाटलं. महिनाभराने पहिल्यांदा दोष डोळ्यांनी दिसत होता.

पण दोष स्टिकचा की बोर्डावरच्या खाचेचा, हे ठरवायचं राहिलं होतं. त्यासाठी रविवारचा अख्खा दिवस गेला. आधी पहिली स्टिक एकटी, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत: शून्य. मग दुसरी स्टिक एकटी, त्याच खाचेत: ११ एरर. मग तीच दुसरी स्टिक चौथ्या खाचेत: पुन्हा एरर. म्हणजे दोष स्टिकबरोबर फिरत होता, बोर्डाबरोबर नाही. शेवटी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम वरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून तिचा वेग ३२०० वरून २६६६ वर आणला, तरी एरर आले, फक्त कमी. वेग उतरवल्यावर एरर अगदी थांबले असते तर बोर्डाशी किंवा सेटिंगशी न जुळण्याचा प्रश्न असू शकला असता. इथे स्टिकच खराब होती. प्रत्येक निकालाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. ते फोटो पुढे फार कामाला आले.

खराब रॅमबद्दल एक गोष्ट मला आधी कुणी सांगायला हवी होती. ती नुसती मशीन बंद पाडत नाही, गुपचूप फाइलीही बिघडवते. फाइल सेव्ह होताना, कॉपी होताना रॅममधूनच जाते, आणि तिथे एखादा बिट उलटला की तो तसाच डिस्कवर उतरतो. मी ऑगस्टमधलं सगळं काम उघडून तपासायला घेतलं. इनडिझाइनच्या तीन फाइली उघडेनात. बॅकअपची एक झिप उलगडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची खूण) देऊ लागली. आणि एका लेखातल्या फोटोवर, बरोबर मधोमध, करवंदी रंगाची एक आडवी रेघ होती, केसाएवढी बारीक. मूळ फोटोत ती नव्हती. ती तशीच छापून आली असती तर? मग जे जे पान ऑगस्टमध्ये हातातून गेलं होतं ते मूळ मजकुराशी ओळीनं ओळ ताडून पाहिलं. संपादकांना ईमेलने पाठवलेल्या प्रुफांच्या पीडीएफ मोलाच्या ठरल्या. दोन फाइली त्यांवरूनच नव्याने लावल्या. तुमच्या मशीनच्या रॅमचा संशय असेल तर त्या दिवसापासून जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका. जुना वेगळा ठेवा.

६ सप्टेंबरला पहाटेच्या एसटीने पुणे गाठलं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्याचा मोठा आधार वाटला. स्वारगेटवरून रिक्षाने सर्व्हिस सेंटर. आदल्या दिवशी कंपनीच्या वेबसाइटवर फॉर्म भरून तक्रारीचा नंबर घेतला होता. तो न घेता आलेल्या माझ्या पुढच्या दोघांना परत पाठवलं. काउंटरवरच्या मुलाने बिल पाहिलं आणि म्हणाला, ‘मॅडम, यावर सिरियल नंबर नाही, असं चालत नाही.’ बिलावर फक्त रॅमचं नाव आणि जीएसटी होता. माझे हातपाय गळाले, २३० किलोमीटर येऊन रिकाम्या हाताने परत? बाहेर पायरीवर बसून दुकानदाराला फोन लावला. त्या भल्या माणसाने पाऊण तासात दोन्ही सिरियल नंबर घातलेलं बिल व्हॉट्सअॅपवर पाठवलं. सामान घेतानाच बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि स्टिकवरचे स्टिकर कधीही काढू नका. स्टिकर फाटलेला असेल तर वॉरंटी धरत नाहीत.

दुसरी अडचण अशी निघाली की जोडी म्हणून विकलेल्या स्टिक जोडीनेच जमा कराव्या लागतात. चांगली स्टिक स्वतःकडे ठेवता येणार नव्हती. मुदत सांगितली १५ ते २१ कामकाजाचे दिवस, आणि मध्ये गणपती. अंक हातात असताना मशीन महिनाभर बंद ठेवणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी कोल्हापुरात उतरल्यावर १,७०० रुपयांची ८ जीबीची एक सुटी स्टिक घेऊन घरी आले. आधी तिच्यावर चार फेऱ्या मेमटेस्ट चालवली, मगच काम सुरू केलं. माझ्या पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चित्रही रॅममधूनच येतं, त्यामुळे एका स्टिकवर पानं सरकवताना जरा अडखळायला होत होतं. पण निळा पडदा आला नाही.

९ सप्टेंबर, संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटं. पीसी बंद. काळा.

मी दहा मिनिटं नुसती खुर्चीत बसून होते. पुण्याची वारी, सतराशे रुपये, एवढ्या रात्री, सगळं फुकट गेलं असं वाटलं. बोर्ड खरंच गेलाय, त्या दुकानदाराचं खरं होतं. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘मावशी, वहीत आधीचे काळे किती वाजताचे आहेत बघ.’ वही उघडली. सात वाजून पाच मिनिटं. सहा पस्तीस सकाळी. सात वाजता. सहा बत्तीस सकाळी. सात वाजून चार मिनिटं. निळ्या पडद्यांच्या वेळा मात्र दिवसभर विखुरलेल्या होत्या. दोन वेगळी दुखणी होती, आणि मी ती एकच समजून दीड महिना उपचार करत होते.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीतही, हे लिहिलेलं होतं, वाचता येत नव्हतं इतकंच. दर वेळी तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पडते, आणि ती पाहून पुष्कळ जण एसएमपीएस बदलतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. महत्त्वाचं असतं ते आतल्या ‘डिटेल्स’मध्ये, ‘बगचेककोड’पुढे. निळ्या पडद्याच्या वेळी तिथे २६ किंवा ८० असे आकडे होते. हे आकडे आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीतले असतात, पडद्यावरचे कोड सोळाच्या पायावरचे. म्हणून २६ म्हणजे १ए, मेमरी मॅनेजमेंट, आणि ८० म्हणजे ५०, पेज फॉल्ट. काळ्या पडद्यांच्या नोंदींत मात्र सगळीकडे शून्य. शून्य म्हणजे विंडोजला काही लिहायला सवडच मिळाली नाही, बहुतेक वेळा वीजच तुटली.

सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सातला काय होतं, हे विचारायला लांब जावं लागलं नाही. आमच्या इमारतीच्या पाण्याची मोटर लागते. त्या दुकानात मोटर नव्हती, म्हणून तिथे दोन दिवसांत एकदाच बंद पडला. दुसऱ्या दिवशी सातच्या आधी रेडिओ बंद करून यूपीएसपाशी बसले. मोटर घरघरली, ट्यूबलाइट मिचकली, यूपीएसमधून ‘टक’ असा बारीक आवाज आला आणि पीसी गेला.

१३ तारखेला ओळखीच्या इलेक्ट्रिशियनना बोलावलं. त्यांनी आधी अर्थिंग पाहिलं, ते ठीक होतं. ‘ताई, लाईट कमी येतीया सांजंला, १९५ व्होल्ट हाय, पण एवढ्यानं बंद पडायला नको.’ मग त्यांनी यूपीएसवरून पीसी काढला, त्याजागी १०० वॅटचा बल्ब लावला आणि यूपीएसचा मेन स्विच बंद केला. बल्ब डोळा मिटल्यासारखा विझला. बॅटरीवर मीटर धरलं होतं: आधी साडेबारा व्होल्ट, बल्ब लागताक्षणी दहाच्या खाली. बॅटरी बाहेर काढली तर तिचे दोन्ही गाल फुगलेले.

ती बॅटरी चार वर्षांची होती. मला ती चांगली वाटायची, कारण लाईट गेली तरी राऊटर तासभर चालायचा. राऊटरला दहाएक वॅट लागतात, तेवढं मरतुकडी बॅटरीही देते. पीसीला शंभर वॅट लागले की ती बसायची. पावसात लाईट गेल्यावर पीसी लगेच बंद व्हायचा, ते मी क्रॅशमध्ये धरतच नव्हते. यूपीएसला नवा पीसी झेपत नसेल, एवढंच वाटायचं. मोटर लागली की क्षणभर व्होल्टेज पडायचं, यूपीएस बॅटरीवर जायचा, आणि तिथे काही नसायचं. १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी १,०५० रुपयांना मिळाली, इलेक्ट्रिशियननी २०० घेतले. त्या संध्याकाळी सातला मोटर लागली, ‘टक’ झालं, आणि माझं पान तसंच समोर होतं.

ही बल्बची तपासणी फार सोपी आहे, आणि ती करताना पीसीला धोका नाही. यूपीएस जुना असेल तर नवा पीसी त्यावर लावण्याआधी करून घ्या. जुना, आत तार असलेला बल्ब घरात एखादा तरी असतोच.

सर्व्हिस सेंटरला तीन वेळा फोन केला. दर वेळी ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच कळलं. ४ ऑक्टोबरला मेसेज आला आणि ६ तारखेला कुरिअरने नवी जोडी घरी आली. जमा करताना फॉर्मवर घरचा पत्ता लिहिला होता म्हणून पुण्याची दुसरी फेरी वाचली, तुम्हीही आठवणीने लिहा. नव्या जोडीवरही मेमटेस्टच्या चार फेऱ्या चालवल्या. शून्य. हातातले दोन्ही दिवाळी अंक वेळेत छापायला गेले. करवंदी रेघेच्या जागी स्वच्छ फोटो आहे.

दुकान ५००, सुटी स्टिक १,७००, पुण्याची ये-जा ६००, बॅटरी १,०५०, इलेक्ट्रिशियन २००. एकूण ४,०५० रुपये, आणि नवी रॅम वॉरंटीत. तपासून घेतलेली ती सुटी ८ जीबीची डीडीआर४ स्टिक आता माझ्या खणात नुसती पडून आहे. कोल्हापुरात कुणाला आपल्या पीसीत रॅम बदलून पाहायची असेल तर आठवडाभर घेऊन जा. पैसे नकोत, फक्त स्टिकर फाडू नका.